पॉट्समधील भोजनोत्तर रक्तप्रवाह व आंत्र संप्रेरके

पॉट्स, म्हणजेच पोस्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम, हा स्वायत्त चेतासंस्थेचा विकार असून त्यात उभे राहिल्यावर रक्तदाब फारसा न उतरता हृदयाचे ठोके अवाजवी वाढतात. अर्थावरून मराठीत त्यास ‘स्थितिजन्य हृद्‌द्रुतता लक्षणसमूह’ असे म्हणता येईल. व्यवहारात मात्र पॉट्स हेच नाव रूढ आहे. या विकाराच्या अनेक रुग्णांची लक्षणे जेवणानंतर बळावतात. छातीत धडधड, डोके हलके होणे, दृष्टीपुढे अंधारी, मळमळ, हातापायांतील त्राण गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे भात, साखर, मैदा अशा पिष्टमय व गोड पदार्थांनंतर अधिक जाणवतात. जेवणानंतर आतड्याकडे वळणारे रक्त आणि आतड्यातून स्रवणारी संप्रेरके यांचा या बिघाडाशी असलेला संबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ओळख व निदान

आडवे असताना असलेल्या गतीपेक्षा उभे राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत हृदयाची गती मिनिटाला किमान ३० ठोक्यांनी वाढणे व ती वाढ टिकून राहणे, ही पॉट्सची मुख्य कसोटी होय. १२ ते १९ वर्षे वयोगटात ही मर्यादा ४० ठोके धरली जाते, कारण या वयात निरोगी मुलांचेही ठोके उभे राहताच बरेच वाढतात. या काळात वरचा रक्तदाब २० मिलिमीटर किंवा खालचा १० मिलिमीटर इतका उतरत नसेल आणि लक्षणे किमान तीन महिन्यांपासून असतील, तरच पॉट्सचे निदान करतात. रक्तदाब तेवढा उतरत असल्यास तो निराळा विकार ठरतो.

रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण बहुसंख्य असून विकार बहुधा किशोरवय ते चाळिशी या काळात सुरू होतो. एखाद्या विषाणुजन्य आजारानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा गरोदरपणानंतर त्याची सुरुवात झाल्याचे पुष्कळदा आढळते. कोविड-१९ च्या साथीनंतर अशा रुग्णांकडे जगभर अधिक लक्ष गेले.

हा विकार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जेकब दा कोस्टा या वैद्याने धडधड, दम व छातीदुखी असलेल्या सैनिकांचा अभ्यास करून १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या सैनिकांपैकी अनेकांना आधी ताप वा जुलाबाचा आजार होऊन गेला होता, ही नोंद आज पुन्हा वाचण्याजोगी वाटते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये टॉमस लुइस यांनी अशाच रुग्णांचा अभ्यास केला. ‘पोस्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम’ हे नाव १९८२ मध्ये रोझेन व क्रायर यांच्या लेखात आले आणि १९९३ मध्ये शाँडॉर्फ व लो यांनी त्याची आधुनिक व्याख्या घडवली.

निदान करताना ठोके वाढण्याची इतर कारणे आधी वगळावी लागतात. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव, शरीरातील पाण्याची तूट आणि काही औषधे ही त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्राच्या संदर्भात रक्तक्षयाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे चक्कर व धडधड सांगणाऱ्या तरुण स्त्रीला प्रथम लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि ते योग्यही असते. प्रश्न उद्‌भवतो तो हिमोग्लोबिन सुधारल्यावरही लक्षणे तशीच राहिली म्हणजे. अशा वेळी ‘अशक्तपणा’, ‘मनाचे दुखणे’ किंवा ‘जेवणाचा कंटाळा’ असे शिक्के बसतात आणि पुढील तपासणी थांबते. वास्तविक प्राथमिक तपासणीला खाट, घड्याळ आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र एवढेच पुरते: रुग्णास पाच ते दहा मिनिटे आडवे झोपवून ठोके व रक्तदाब मोजावा, नंतर आधाराविना १० मिनिटे उभे करून तेच पुन्हा पुन्हा मोजावे. ही चाचणी शक्यतो सकाळी करतात, कारण उभे राहिल्यावरची वाढ सकाळी अधिक स्पष्ट दिसते. मात्र उपाशीपोटी केलेल्या चाचणीत जेवणानंतरचा बिघाड दिसत नाही. यासाठी शेवटचे जेवण किती वाजता व काय घेतले, याची नोंद चाचणीसोबत असणे उपयुक्त असते.

उदरातील रक्तसाठा

माणूस उभा राहताच गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा ते पाऊण लिटर, कधी त्याहूनही अधिक रक्त छातीतून खाली सरकते. हे रक्त केवळ पायांत उतरते असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा मोठा वाटा उदरातील रक्तवाहिन्यांत साठतो, हे सहसा सांगितले जात नाही. जठर, आतडी, स्वादुपिंड, प्लीहा व यकृत यांच्या रक्ताभिसरणास उदरांगीय अभिसरण म्हणतात. शरीरातील एकूण रक्तापैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा येथे असतो आणि विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ चतुर्थांश रक्त याच मार्गाने जाते. येथील नीला पातळ भित्तीच्या व सहज ताणल्या जाणाऱ्या असल्यामुळे शरीराला हवे तेव्हा रक्त साठवण्याची व हवे तेव्हा ते परत ओतण्याची सोय येथे आहे. पाटबंधाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर पाय हा कालवा आणि उदर हे धरण होय.

निरोगी माणसात या साठ्याचे दरवाजे स्वायत्त चेतासंस्थेच्या अनुकंपी विभागाकडे असतात. मानेतील व महारोहिणीतील दाबसंवेदक पेशींना रक्तदाब किंचित उतरल्याचे कळताच अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन स्रवते, उदरातील वाहिन्या आकुंचन पावतात आणि साठलेले रक्त हृदयाकडे परतते. ठोके थोडेच वाढून काम भागते.

जेवणानंतर याच्या अगदी उलट मागणी निर्माण होते. पचन व शोषणासाठी आतड्याला अधिक रक्त हवे असते. लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वरच्या आंत्ररोहिणीतील प्रवाह जेवणानंतर अर्ध्या ते एका तासात दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो व दोन-तीन तास वाढलेला राहतो. तरीही निरोगी माणसाला भोवळ येत नाही, कारण हृदय थोडे अधिक रक्त ढकलते आणि स्नायू, त्वचा इत्यादी ठिकाणच्या वाहिन्या आकसून भरपाई करतात. ही भरपाई वृद्धांत, दीर्घकाळच्या मधुमेहात, पार्किन्सन विकारात किंवा स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णांत अपुरी पडते आणि जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० मिलिमीटर वा अधिक उतरतो. यास भोजनोत्तर अल्परक्तदाब म्हणतात. १९७७ मध्ये पार्किन्सनच्या एका रुग्णात तो प्रथम स्पष्टपणे वर्णिला गेला.

पॉट्समध्ये बहुधा रक्तदाब टिकतो. किंमत मोजतो तो हृदयाचा वेग. प्रत्येक ठोक्यागणिक हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाले की तेवढेच एकूण रक्त पुरवण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त ढकलणारे हृदय मिनिटाला ७० ठोक्यांत सुमारे ४.९ लिटर रक्त पुरवते. तेच हृदय ठोक्याला ४५ मिलिलिटरच ढकलू शकले, तर त्याच कामासाठी त्याला १०९ ठोके लागतात. हा हिशेब पाहिला म्हणजे या विकारात धडधड हा हृदयाचा दोष नसून रिकाम्या येणाऱ्या रक्ताची तक्रार आहे, हे ध्यानात येते.

रक्त उदरात का अडकते याची कारणे सर्व रुग्णांत एकच नाहीत. काहींत पायांतील अनुकंपी चेतातंतू अंशतः निकामी झालेले असतात. असा पुरावा २००० साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला. काहींत रक्ताचे एकूण आकारमानच कमी असते, आणि असे असूनही मीठ व पाणी राखून ठेवणारी रेनिन व अल्डोस्टेरॉन ही द्रव्ये अपेक्षेइतकी वाढत नाहीत. आणखी काहींत उभे राहताच रक्तातील नॉरएपिनेफ्रिन फार वाढते. न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजमधील ज्युलियन स्ट्यूअर्ट यांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतील रक्ताचे आकारमान मोजून पॉट्सच्या काही रुग्णांत उभे राहताना उदरातच रक्त साठत असल्याचे दाखवले. मेयो क्लिनिकमधील फिलिप लो यांच्या गटानेही २००० च्या सुमारास आंत्ररोहिणीतील प्रवाहाचा याच दृष्टीने अभ्यास केला होता.

आंत्र संप्रेरके

आतडे हे अन्न पचवणारी केवळ नळी नसून शरीरातील सर्वांत विस्तृत अंतःस्रावी इंद्रिय आहे. ‘संप्रेरक’ या संकल्पनेचा जन्मच आतड्यात झाला. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आतड्यातील सिक्रेटिन हे द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत जाऊन पाचक रस स्रवण्यास लावते, हे सिद्ध केले. त्यापूर्वी ही कामगिरी केवळ चेतातंतूंची मानली जात असे. अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला.

आंत्र संप्रेरकांच्या पेशी आतड्याच्या अस्तरात एकेकट्या विखुरलेल्या असतात. त्यांचे एक टोक अन्नाकडे असते व दुसरे रक्ताकडे, म्हणून कोणते अन्न आले आहे हे चाखून त्या लगेच रक्तात निरोप सोडू शकतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पुढील संप्रेरके महत्त्वाची आहेत.

जीआयपी हे त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे. १९७० च्या सुमारास कॅनडात जॉन ब्राउन यांनी डुकराच्या आतड्याच्या अर्कातून ते वेगळे केले. जठरातील आम्लाचा स्राव ते रोखते असे प्रथम दिसल्यामुळे त्याचे नाव त्या गुणावरून ठेवले गेले. पुढे ग्लुकोजच्या उपस्थितीत ते इन्शुलिनचा स्राव वाढवते, हे त्याचे खरे काम असल्याचे कळले. मग आद्याक्षरे तीच ठेवून नावाचा अर्थ बदलण्यात आला. शास्त्रात अशी सोयीस्कर नामांतरे विरळाच. ग्रहणी व त्यापुढील आतड्याच्या भागातील के-पेशी ते स्रवतात. ग्लुकोज व स्निग्ध पदार्थ ही त्याची प्रबळ उद्दीपके आहेत. फळांतील फ्रुक्टोज त्या मानाने माणसात दुबळे ठरते. जीआयपी वाहिन्यांना सैल करते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते आतड्याचा रक्तप्रवाह वाढवते असे १९७० च्या दशकातच दिसले होते. माणसात चरबीच्या उतींचा रक्तप्रवाहही ते वाढवते.

जीएलपी-१ हे आतड्याच्या खालच्या भागातील एल-पेशींतून प्रामुख्याने स्रवते. तेही इन्शुलिन वाढवते, पण जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. त्यामुळे त्याचा रक्तदाबावरील परिणाम जीआयपीपेक्षा वेगळा, काही परिस्थितींत उलटही असू शकतो. पेप्टाइड वायवाय हे तृप्तीची जाणीव देणारे संप्रेरक एल-पेशींतूनच येते, तर स्वादुपिंडीय पॉलिपेप्टाइड स्वादुपिंडातून. व्हीआयपी व न्यूरोटेन्सिन हीही वाहिन्या रुंदावणारी पेप्टाइडे आतड्यात आढळतात. या सर्वांना वेसण घालणारे संप्रेरक म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. ते बहुतेक आंत्र संप्रेरकांचा स्राव रोखते व उदरातील रक्तप्रवाह कमी करते. इन्शुलिन स्वतःही वाहिन्या सैल करते, म्हणून गोड जेवणानंतरच्या बिघाडाचा दोष बराच काळ एकट्या इन्शुलिनवर ठेवला जाई.

व्हँडरबिल्ट येथील अभ्यास

पॉट्समध्ये या संप्रेरकांची थेट मोजणी करणारा महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात सिंड्या शिबाओ यांच्या गटाने केला. तो २०२२ मध्ये ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेवणानंतर लक्षणे वाढतात असे सांगणाऱ्या पॉट्सच्या १२ स्त्रिया व त्यांच्याच वयाच्या १३ निरोगी स्त्रिया यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देण्यात आले. मधुमेहाच्या तपासणीत प्रयोगशाळेत पाजतात तेवढेच हे ग्लुकोज होय. त्यानंतर दोन तासांपर्यंत आडवे व उभे अशा दोन्ही स्थितींत ठोके, रक्तदाब, प्रत्येक ठोक्याचे रक्त आणि संप्रेरकांची पातळी मोजण्यात आली.

ग्लुकोजसोबत पॅरासिटामॉलही दिले होते, हा या प्रयोगातील चतुर भाग. पॅरासिटामॉल जठरात शोषले जात नाही. ते आतड्यात उतरल्यावरच रक्तात दिसू लागते. म्हणून ते रक्तात किती वेगाने येते यावरून जठर किती वेगाने रिकामे होते याचा अंदाज बांधता येतो. दोन्ही गटांत हा वेग सारखाच आढळला. पॉट्सच्या रुग्णांत ग्लुकोज आतड्यात भरभर ओतले जाते म्हणून बिघाड होतो, हे साधे स्पष्टीकरण त्यामुळे बाजूला पडले.

ग्लुकोजनंतर उभ्या स्थितीतील ठोके पॉट्सच्या गटात सरासरी सुमारे २१ टक्क्यांनी वाढले, तर निरोगी गटात सुमारे ६ टक्क्यांनी. प्रत्येक ठोक्याचे रक्त पॉट्सच्या गटात सुमारे १० टक्क्यांनी घटले. निरोगी गटात ते घटले नाही. रक्तदाब व हृदयातून बाहेर पडणारे एकूण रक्त मात्र टिकून राहिले. वर दिलेला हिशेब येथे आकड्यांत उतरलेला दिसतो. संप्रेरकांपैकी जीआयपी, पेप्टाइड वायवाय, स्वादुपिंडीय पॉलिपेप्टाइड आणि इन्शुलिनच्या स्रावाचे माप असलेले सी-पेप्टाइड ही चारही पॉट्सच्या गटात अधिक वाढली. परंतु ठोके वाढणे व ठोक्याचे रक्त घटणे यांच्या चढउताराशी वेळेनुसार जुळणारे एकटे जीआयपी निघाले. जीआयपी सर्वाधिक असताना बिघाडही सर्वाधिक होता.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही. रुग्णांची संख्या अल्प होती, सर्व स्त्रिया होत्या आणि जेवणानंतर त्रास होणाऱ्यांचीच निवड केलेली होती. शिवाय ग्लुकोजचे द्रावण हे कोणाचेही रोजचे जेवण नव्हे.

रक्तशर्करेशी होणारी गल्लत

जेवणानंतर थरथर, घाम व धडधड झाली की ‘साखर उतरली’ असे समजून रुग्णाला गोड खायला दिले जाते. पॉट्समध्ये हा घरगुती उपाय उलटण्याची शक्यता असते. साखर उतरण्याचा भोजनोत्तर प्रकार सहसा जेवणानंतर दोन ते चार तासांनी होतो व त्या वेळी रक्तशर्करा खरोखरच कमी असते. पॉट्समधील त्रास बहुधा पहिल्या तास-दीड तासात सुरू होतो, उभे राहिल्यावर वाढतो आणि आडवे होताच उतरू लागतो. लक्षणांच्या वेळी ग्लुकोमीटरने एक थेंब रक्त तपासले तरी पुष्कळ उलगडा होतो: साखर नीट आणि ठोके १३० असतील, तर चमचाभर साखरेपेक्षा सतरंजी अधिक उपयोगी. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा डम्पिंग सिंड्रोम या दोहोंशी साम्य दाखवतो, म्हणून अशा शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास विचारावा लागतो.

आहार व दिनक्रम

जेवणाच्या मापाचा विचार महाराष्ट्रातील ताटावरून केल्यास ७५ ग्रॅम ग्लुकोजचा अर्थ स्पष्ट होतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात व प्रथिने जवळजवळ नसतातच. उसाच्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते; म्हणजे २५० मिलिलिटरच्या पेल्यातून ३० ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाते, तीही द्रवरूपात. दौंड-शिरूरसारख्या उसाच्या तालुक्यांत उन्हात थकलेल्या माणसाला प्रथम रसाचा पेलाच पुढे केला जातो. पॉट्सच्या रुग्णाला पाणी व मीठ हवे असते. रसातून पाण्यासोबत साखरेचा भार येतो. मीठ घातलेले पातळ ताक किंवा लिंबू-मिठाचे पाणी त्या वेळी अधिक युक्त.

ज्वारी-बाजरीची भाकरीही पिष्टमयच आहे, पण ती डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी यांच्यासोबत चावून खाल्ली जाते व सावकाश पचते. एकाच वेळी भरपेट जेवण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे, पिष्टमय भाग कमी करून प्रथिने व तंतुमय भाग वाढवावा, हा सल्ला पॉट्सच्या रुग्णांना सर्वत्र दिला जातो. मात्र पिष्टमय पदार्थ टाकून तूप-तेल भरमसाट वाढवणे हा त्यातून निघणारा अर्थ नव्हे, कारण स्निग्ध पदार्थही जीआयपी वाढवतात. विशिष्ट मराठी पदार्थांविषयी येथे जे म्हटले आहे ते घटकांवरून केलेले अनुमान आहे, चाचणीचा निष्कर्ष नव्हे.

उपवासाचा दिवस या रुग्णांना विशेष जड जातो. नवरात्रात कुरकुंभच्या फिरंगाई देवीसारख्या देवस्थानी दर्शनाच्या रांगेत उभे राहणारी स्त्री सकाळपासून पाणी कमी पिते, मग साबुदाण्याची खिचडी खाते आणि पुन्हा रांगेत येते. पाण्याची तूट, पिष्टमय जेवण, उष्मा व स्थिर उभे राहणे असे चारही घटक येथे एकवटतात. कारखान्यात पाळीवर उभे राहून काम करणाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास असाच अवघड असतो. शाळेच्या परिपाठात न्याहारीनंतर लगेच उभ्या राहणाऱ्या मुली भोवळ येऊन पडतात, त्या सर्वच उपाशी आलेल्या नसतात.

घरातल्या दिनक्रमाचा मुद्दा क्वचितच विचारात घेतला जातो. सर्वांना वाढून शेवटी जेवणारी आणि जेवताच ओट्यापाशी उभी राहून भांडी व झाकपाक करणारी स्त्री आंत्ररोहिणीतील प्रवाह शिखरावर असण्याच्या नेमक्या वेळी निश्चल उभी असते. मराठी घरांत जेवणानंतर शतपावली व वामकुक्षी यांची शिफारस पूर्वापार आहे. रक्ताभिसरणाच्या दृष्टीने पाहता वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणे, पॉट्सच्या रुग्णास सोयीची आहे, कारण आडवे होताच उदरातील रक्त हृदयाकडे सहज परतते. शतपावलीत निदान पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात, म्हणून ती निश्चल उभे राहण्यापेक्षा बरी. पण लक्षणे तीव्र असलेल्या रुग्णास तीही सोसत नाही. ही विश्रांती घरात बहुधा पुरुषांच्या वाट्याला आली, आणि हा विकार मात्र बहुसंख्येने स्त्रियांचा.

उपचार

पॉट्सवर एकच खात्रीचा औषधोपचार नाही. उपचाराचा पाया रक्ताचे आकारमान वाढवणे व साठलेले रक्त परत आणणे हा आहे. पुरेसे पाणी आणि वैद्याच्या सल्ल्याने वाढवलेले मीठ यांचा उपयोग होतो. व्हँडरबिल्टमध्येच झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा दिवसांच्या अधिक मिठाच्या आहाराने पॉट्सच्या स्त्रियांतील रक्तद्रवाचे आकारमान वाढले व उभ्या स्थितीतील ठोके घटले. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार असणाऱ्यांना व गरोदर स्त्रियांना हा उपाय स्वतःच्या मनाने करणे धोक्याचे आहे. जेवणाआधी तांब्याभर, म्हणजे सुमारे अर्धा लिटर पाणी लवकर पिऊन टाकल्यास काही मिनिटांतच अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते. स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णांत यामुळे जेवणानंतरची रक्तदाबाची घसरण कमी होते आणि पॉट्समध्ये उभ्या स्थितीतील ठोके काहीसे उतरतात.

दाब देणारी वस्त्रे वापरताना केवळ पायमोज्यांवर भर देण्याची चूक होते. कॅनडातील कॅल्गरी येथे झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोट व पाय दोन्हींवर दाब दिल्यावर ठोके व लक्षणे सर्वाधिक कमी झाली. धरण उदरात आहे हे मानले तर यात नवल नाही. पोटपट्टा जेवणाआधी बांधून आडवे होताना सोडणे सोयीचे ठरते.

औषधांपैकी प्रोप्रानोलॉल अल्प मात्रेत व इव्हाब्रॅडिन ही ठोके कमी करतात, तर मिडोड्रिन वाहिन्या आकुंचित करते. उदराशी थेट संबंध असलेले औषध म्हणजे सोमॅटोस्टॅटिनसारखे काम करणारे ऑक्ट्रिओटाइड. ते टोचून द्यावे लागते. आंत्र संप्रेरके रोखून उदरातील वाहिन्या आकुंचित करते व भोजनोत्तर अल्परक्तदाबात १९८० च्या दशकापासून वापरले गेले आहे. पॉट्समध्येही त्याचा प्रयोग झाला. पोटदुखी, जुलाब, पित्तखडे हे त्याचे त्रास व किंमत यांमुळे ते मोजक्याच रुग्णांना दिले जाते. मधुमेहावरील अकार्बोज पिष्ट व साखर यांचे विघटन लांबवते. स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्यांत ते भोजनोत्तर रक्तदाबाची घसरण कमी करते, असे शिबाओ यांनीच २००७ मध्ये दाखवले. गवारीच्या बियांपासून निघणारा डिंक ग्लुकोजसोबत दिल्यास वृद्धांत हीच घसरण कमी होते, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत आढळले. हा परिणाम बियांच्या डिंकाचा आहे. गवारीच्या शेंगांच्या भाजीवर तो तसाच लागू करता येत नाही.

जीआयपी रोधक व जीआयपीसदृश औषधे

जीआयपी हाच कारक घटक आहे काय, याचा निवाडा त्याचे काम रोखून पाहिल्यानेच होऊ शकतो. जीआयपीचा एक तोकडा तुकडा त्याच्या ग्राहींवर बसून मूळ संप्रेरकाला अडवतो. कोपनहेगनमधील संशोधकांनी तो माणसांत वापरून जीआयपीची इतर कामे तपासली आहेत. पॉट्सच्या रुग्णात असा रोध केल्यावर ग्लुकोजनंतरही ठोक्याचे रक्त टिकून राहिले, तर जीआयपीवरील आरोप सिद्ध होईल. न टिकल्यास इन्शुलिन, इतर पेप्टाइडे किंवा अनुकंपी चेतातंतू यांच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

याच्या उलट दिशेची औषधे मात्र बाजारात आली आहेत. टिर्झेपटाइड हे मधुमेह व स्थूलतेवरील औषध जीआयपी व जीएलपी-१ या दोन्हींच्या ग्राहींना उद्दीपित करते. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली व मार्च २०२५ पासून ते भारतात मिळू लागले. जीएलपी-१ गटातील औषधांनी विश्रांतीच्या वेळचे ठोके मिनिटाला काहीसे वाढतात, भूक व पाणी पिणे कमी होते आणि मळमळ-उलट्यांमुळे शरीरातील पाणी घटू शकते. पॉट्स असलेल्या व्यक्तीने असे औषध सुरू करण्यापूर्वी आपल्या विकाराची माहिती वैद्यास देणे आवश्यक आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत आडवे व उभे अशा दोन्ही स्थितींतील ठोक्यांची नोंद ठेवणे हिताचे असते.